पदर उलटा करून बघायला शिकवा

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, विधी अभ्यास मंडळ,
तसेच प्राचार्य व व्यवस्थापन, नाशिक जिल्ह्यातील विधी महाविद्यालये

विषय : बौद्धिक संपदा कायदा हा विषय बंद न करण्याबाबत आणि तो नीट शिकवण्याबाबत

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात जिल्ह्यातल्या एका विधी महाविद्यालयाच्या फलकावर चार ओळींची नोटीस लागली. बौद्धिक संपदा कायदा या ऐच्छिक विषयाला वीस विद्यार्थी मिळाले नाहीत, सबब पुढच्या सत्रात तो चालणार नाही. ज्यांनी निवडला आहे त्यांनी आठ दिवसांत दुसरा विषय लिहून द्यावा. दुसऱ्या एका महाविद्यालयात विषय वेळापत्रकात आहे, पण शिकवायला माणूस नाही. परीक्षा तोंडावर आली की भलत्याच विषयाचे प्राध्यापक सहा तासिकांत सगळा अभ्यासक्रम उरकतात. आणि अभ्यास मंडळाने आखून दिलेल्या अभ्यासक्रमात, कायद्यातून केव्हाच गेलेल्या गोष्टी अजून शिकवल्या जात आहेत. परिणाम असा की नाशिकमधून एलएलबी होऊन बाहेर पडणाऱ्या बहुतेकांनी पेटंटचा एकही दावा वाचलेला नसतो, ट्रेडमार्कचा अर्ज भरलेला नसतो, जीआयच्या (भौगोलिक मानांकनाच्या, म्हणजे विशिष्ट भागातल्या मालाच्या नावाच्या हक्काच्या) नोंदवहीतला उतारा पाहिलेला नसतो.

हे पत्र लिहिणारे आम्ही नाशिकमध्ये ट्रेडमार्क, पेटंट, डिझाइन आणि जीआयची कामे करणारे वकील आणि एजंट आहोत. आमच्यातले काही जण तासिका तत्त्वावर शिकवतातही. आमचा स्वार्थ उघड आहे. आम्हाला काम येणारे ज्युनिअर हवेत. आणि त्याहून मोठी अडचण आमच्या पक्षकारांची आहे. सातपूर-अंबडचा छोटा कारखानदार, दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार, येवल्याचा विणकर यांना साध्या सल्ल्यासाठी मुंबई-पुण्याची फी भरावी लागते. वास्तविक अर्ज ऑनलाइन होतात, सुनावण्या व्हिडिओवर होतात. हे काम नाशिकमध्ये बसून होऊ शकते. फक्त ते करणारी माणसे इथे तयार होत नाहीत.

आधी जिल्ह्याकडे बघा. नाशिकची द्राक्षे, नाशिक व्हॅली वाइन, लासलगावचा कांदा, येवल्याची पैठणी ही सगळी जीआय नोंदवहीत आहेत. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत रोज नवे जिग, फिक्स्चर आणि डाय बनतात. द्राक्षबागांत परदेशी वाण परवान्यावर येत आहेत. बौद्धिक संपदा कायद्याची जवळजवळ प्रत्येक शाखा एकाच जिल्ह्यात, एसटीने दोन तासांच्या अंतरात हाताळता येते. अशा ठिकाणी हा विषय विद्यार्थीसंख्येच्या निकषावर बंद होतो, हे आम्हाला मुकाट्याने मान्य नाही.

आता तक्रारी एकेक करून सांगतो.

पहिली तक्रार शिळ्या अभ्यासक्रमाची. बौद्धिक संपदा अपील मंडळ एप्रिल २०२१ मध्ये अध्यादेशाने बरखास्त झाले आणि त्याच वर्षी न्यायाधिकरण सुधारणा कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झाले. त्या मंडळाकडची अपिले आणि नोंद रद्द करण्याचे अर्ज आता उच्च न्यायालयात जातात. तरीही 'अपील मंडळाची रचना व अधिकार लिहा' हा प्रश्न आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या नोट्समध्ये 'अतिमहत्त्वाचा' म्हणून अधोरेखित असतो. पेटंट अर्जाच्या तपासणीची विनंती करायची मुदत ४८ महिने, असे नोट्स सांगतात. १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांना ही मुदत अग्रहक्काच्या तारखेपासून (त्या शोधाचा पहिला अर्ज ज्या दिवशी झाला तिथपासून) ३१ महिने आहे. त्याआधीच्या अर्जांना जुनी ४८ महिन्यांचीच लागू आहे. म्हणजे दोन्ही मुदती शिकवायला हव्यात, आणि कोणत्या अर्जाला कोणती लागते हेही. ही केवळ पाठांतराची बाब नाही. मुदतीत विनंती केली नाही तर अर्ज मागे घेतला असे कायदा धरून चालतो. ज्युनिअरने डायरीत ४८ महिन्यांची तारीख टाकली तर पक्षकाराचा शोध हातचा जातो आणि ते कळायलाही वर्षभर जाते. पेटंट प्रत्यक्ष वापरात आहे का याचे नमुना २७ मधले विवरणपत्र पूर्वी दरवर्षी द्यावे लागे, आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा. जनविश्वास कायद्याने काही फौजदारी तरतुदी काढून तिथे दंड आणले, ते १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाले. यातले काहीही आमच्या पाहण्यातल्या अध्यापन-टिपणांत नाही.

दुसरी तक्रार अशी की हा विषय कलमांचा पाठ म्हणून शिकवला जातो, दस्तऐवज हातात दिला जात नाही. फौजदारी कायदा शिकवताना एफआयआर आणि दोषारोपपत्र दाखवतात. मालमत्ता कायद्यात निदान खरेदीखत तरी वाचून घेतात. पेटंट मात्र 'नावीन्य, शोधक पायरी, औद्योगिक उपयुक्तता' या तीन शब्दांवर भागवतात.

पेटंटचा जीव त्याच्या दाव्यांत असतो. एक उदाहरण घेऊ. द्राक्षबागेतल्या फवारणीच्या ब्लोअरला बसवायचा नवा नोझल आहे. त्याचा पहिला दावा असा लिहिला : 'अ, ब आणि क हे भाग समाविष्ट असलेला नोझल'. शेजारच्या कारखान्याने अ, ब, क घेऊन वर ड हा भाग जोडला, तरी तो दाव्यात सापडतो. त्याने क काढून टाकला आणि नोझल चालता ठेवला, तर तो सहसा सुटतो. याच दाव्यात 'समाविष्ट असलेला' ऐवजी 'फक्त अ, ब आणि क यांचाच बनलेला' असे लिहिले, तर ड जोडणाराही सुटतो. इंग्रजी मसुद्यात हा 'कम्प्रायझिंग' आणि 'कन्सिस्टिंग ऑफ' यांच्यातला फरक. आणि क हा भाग मुळात गरजेचा नसताना पहिल्या दाव्यात घातला, तर मसुदा करणाऱ्याने प्रतिस्पर्ध्यासाठी दार स्वतःच उघडून ठेवले. हे समजायला एक तासिका आणि एक छापील विनिर्देश (शोधाचे वर्णन करणारा पेटंटचा दस्तऐवज) पुरतो. शीर्षक, पार्श्वभूमी, वर्णन, आकृत्या, दावे आणि दीडशे शब्दांच्या आतला गोषवारा, असा पंधरा पानांचा दस्तऐवज पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतो. तो न वाचता विद्यार्थी पेटंट कायद्यात उत्तीर्ण होतो, हे आम्हाला पटत नाही.

यातला सगळ्यात मोठा तोटा आपल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांना होतो. पुष्कळदा विधी आणि अभियांत्रिकी ही दोन्ही महाविद्यालये एकाच संस्थेची, एकाच आवारात असतात. शेवटच्या वर्षाची मुले चांगला प्रकल्प करतात, तो महाविद्यालयाच्या प्रदर्शनात मांडतात, त्याचा व्हिडिओ टाकतात आणि मग कुणीतरी म्हणते, पेटंट करून टाका. तोवर नावीन्य गेलेले असते. प्रदर्शनासाठी मिळणारी १२ महिन्यांची सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनालाच असते, कॉलेजच्या टेक्फेस्टला नसते. काही जण आधी तात्पुरता विनिर्देश दाखल करतात, ते योग्यच. पण तो दोन पानांत गुंडाळतात. बारा महिन्यांत पूर्ण विनिर्देश द्यायचा असतो, तेव्हा त्यात नवी यंत्रणा घुसडतात. जी गोष्ट तात्पुरत्या विनिर्देशात नव्हतीच तिला जुनी तारीख मिळत नाही, पूर्ण विनिर्देशाची तारीख मिळते. मधल्या काळात व्हिडिओ बाहेर पडला असेल तर तो दावा पडतो. खर्च हे कारण इथे सांगता येत नाही. व्यक्ती किंवा शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये आणि तपासणीला ४,००० रुपये लागतात. तीस पानांपुढे प्रत्येक पानाला १६० आणि दहा दाव्यांपुढे प्रत्येक दाव्याला ३२० रुपये. पैसे नव्हे, तर योग्य वेळी 'आधी अर्ज, मग प्रदर्शन' असे सांगणारा माणूस कमी पडतो. तो माणूस शेजारच्या इमारतीतला विधीचा विद्यार्थी असू शकतो.

इथेच एक गोष्ट विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगितली पाहिजे, ती सांगितली जात नाही. पेटंट एजंट व्हायला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते आणि परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते : शंभर शंभर गुणांचे दोन पेपर, पन्नास गुणांची तोंडी, प्रत्येक पेपरात निम्मे गुण आणि एकूण साठ टक्के. बीए किंवा बीकॉमनंतर एलएलबी केलेल्यांना 'हा विषय घेतला की पेटंटचे करिअर' असे सांगणे ही त्यांची फसवणूक आहे. त्यांच्यासाठी ट्रेडमार्क, कॉपीराइट, डिझाइन, जीआय, परवाना करार आणि न्यायालयातले दावे हे सगळे मोकळे आहे आणि ते काम पेटंटपेक्षा आपल्या जिल्ह्यात कितीतरी जास्त आहे. वकील म्हणून पेटंट नियंत्रकापुढच्या सुनावणीत बाजूही मांडता येते.

तिसरी तक्रार जीआयची, आणि ती आम्हाला सगळ्यात जास्त लागते. जीआय हा अभ्यासक्रमाच्या शेवटचा 'टीप लिहा' प्रकार आहे. दार्जिलिंगचा चहा, बासमती, एवढे लिहिले की पाच गुण. नाशिकच्या विद्यार्थ्याला आपल्या तालुक्यातल्या मालाचा जीआय कुणाच्या नावावर आहे आणि त्याचा उपयोग कोण करू शकतो, हे सांगता येत नाही.

जीआय कायदा १९९९ चा, अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून, नोंदणी चेन्नईत. उत्पादकांची संघटना किंवा तत्सम संस्था नोंदणीकृत मालक होते. पण संघटनेकडे नोंदणी आहे म्हणून प्रत्येक शेतकरी किंवा विणकर आपोआप हक्कदार होत नाही. त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. तिची फी २०२० च्या नियमबदलात ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आली. दहा रुपये! तरीही येवल्यातल्या अनेक मागवाल्यांना ही नोंद म्हणजे काय ते माहीत नाही, कारण त्यांना अर्ज भरून देणारे कुणी नाही. नोंदणीची मुदत दहा वर्षे, पुढे नूतनीकरण. संघटना झोपली तर नोंद वहीतून जाऊ शकते. नोंद नसलेल्या जीआयच्या उल्लंघनाचा दावाच करता येत नाही. ट्रेडमार्कसारखी जीआय कुणाला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. आणि नोंद मालाच्या वर्गानुसार असते : ताजी द्राक्षे ३१ व्या वर्गात, वाइन ३३ व्या वर्गात. मग त्याच बागेतला बेदाणा, जो २९ व्या वर्गात येतो, तो 'नाशिकची द्राक्षे' या नोंदीच्या आडोशाला बसतो का? हा एक प्रश्न वर्गात तासभर वाद घालायला पुरेल. निफाड-पिंपळगावच्या मुलांना त्यात रस वाटल्याशिवाय राहणार नाही.

कोल्हापुरी चपलेचे प्रकरण तर पाठ्यपुस्तकासारखे समोर आले. जून २०२५ मध्ये मिलानमधल्या प्राडाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि महाराष्ट्रात संताप उसळला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जुलैमध्ये न्यायालयाने ती फेटाळली, कारण याचिका करणारे या जीआयचे नोंदणीकृत मालक नव्हते; मालक दाद मागायला येऊ शकतात. संताप खरा होता, पण दाद मागायचा अधिकार कुणाचा हा पहिला प्रश्न असतो. हा आदेश छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. किती महाविद्यालयांनी तो वर्गात वाचला?

आता पैठणीकडे या. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून बघा. मोर, मुनिया, आसवली, जे काही असेल ते उलट्या बाजूलाही जवळजवळ तसेच दिसते, कारण प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी फिरवून, नक्षी तिथल्या तिथे ताण्यात गुंफलेली असते. यंत्रमागाच्या नकलेत मागच्या बाजूला धागे लोंबतात किंवा कापलेल्या धाग्यांची दाट जाळी दिसते. येवल्यात लहान पोरालाही हे ठाऊक असते. पण न्यायालयाला हे कसे सांगायचे? दुकानातून बिल घेऊन नमुना विकत घ्यायचा. दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे. विणकराचे शपथपत्र घ्यायचे, त्यात कांडी, ताणा, काठाची जोडणी हे सगळे त्याच्याच शब्दांत यायला हवे. माल वेबसाइटवर विकला जात असेल तर स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, त्याचे दोन भाग असतात आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) द्यावी लागते. १ जुलै २०२४ पासूनची ही रीत आहे. जुन्या पुरावा कायद्यातले ६५-ब चे प्रमाणपत्र जोडले की समोरचा वकील पहिली हरकत तिथेच घेतो. माल हलवला जाईल अशी भीती असेल तर कोर्ट कमिशनर नेमून घ्यायचा. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ प्रमाणे आधी मध्यस्थी करावी लागते. ती पायरी चुकवून आणलेला दावा सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर टिकत नाही. एवढे सगळे एका साडीतून शिकवता येते.

आणि नव्या नक्षीचे काय? पारंपरिक मोर-मुनिया कुणा एकाची मक्तेदारी नाही. पण विणकराने स्वतः काढलेली अगदी नवी नक्षी असेल तर कॉपीराइट आणि डिझाइन यांच्यामधली खाच त्याला नडते. डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी नक्षी नोंदवली नाही आणि औद्योगिक प्रक्रियेने तिच्या पन्नासहून जास्त प्रती निघाल्या, की त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. डिझाइन नोंदवले तर दहा वर्षे आणि वर पाच वर्षे संरक्षण. पण नोंदणीच्या आधी नक्षीचा फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपात फिरला तर नावीन्य गेले. हातमागाला 'औद्योगिक प्रक्रिया' म्हणायचे का, हा पुढचा प्रश्न. या खाचेवर सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या प्रकरणात कसोटी घालून दिली आहे. आमच्या अभ्यासक्रमात डिझाइन कायद्याला एक तासिकाही नाही.

चौथी तक्रार द्राक्षांची. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ हा आपल्या अभ्यासक्रमात नावापुरता आहे. बागायतदार 'पेटंटची व्हरायटी' म्हणतो, वकीलही तेच म्हणतो. भारतात झाड, बी किंवा वाण यांचे पेटंट मिळतच नाही. पेटंट कायद्याचे कलम ३(ञ) ते वगळते. वाणाची नोंद वेगळ्या कायद्याने, वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता या कसोट्यांवर होते. झाडे आणि वेली यांना १८ वर्षे, इतर पिकांना १५ वर्षे. द्राक्ष ही वेल, म्हणून १८.

परवान्यावर वाण लावलेल्या बागेत छाटणी झाली, काड्यांचा ढीग पडला, शेजाऱ्याने चार काड्या मागितल्या आणि डॉगरिजच्या खुंटावर कलम करून भरल्या. चालेल का? कायद्याचे कलम ३९ शेतकऱ्याला संरक्षित वाणाचे बी राखायला, पेरायला, देवघेव करायला आणि विकायलाही मुभा देते, फक्त ब्रँडचे नाव लावून बी विकता येत नाही. आणि कायद्यातली 'बी' ची व्याख्या दाण्यापुरती नाही. ज्या भागापासून तसेच रोप उगवू शकते तो भाग तिच्यात येतो. मग काडी 'बी' होते का? परवाना करारात काडी बाहेर द्यायची नाही असे लिहून सही घेतली असेल तर करार वरचढ की कलम ३९? मुळात तो वाण भारतात नोंदवलेला आहे की केवळ करारावर सगळे उभे आहे? गुजरातमधल्या बटाटा उत्पादकांवर पेप्सिकोने २०१९ मध्ये दावे लावले, तेव्हा असेच प्रश्न उभे राहिले होते. दावे मागे घेतले गेले. वाणाची नोंद डिसेंबर २०२१ मध्ये रद्द झाली, जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी ते कायम ठेवले आणि जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठाने ते फिरवले. दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याने सही करण्याआधी हा करार कुणीतरी मराठीत समजावून सांगायला हवा. ते काम करणारा वकील कुठल्या महाविद्यालयातून येणार?

ट्रेडमार्कबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो निदान शिकवला जातो. पण शिकवतात ते मोठ्या कंपन्यांचे निकाल. नाशिकमध्ये येणारे वाद वेगळे असतात : चिवडा, मसाले, मिसळ यांच्या दुकानांची नावे, वडिलांच्या नावाचा धंदा आणि वाटणी झालेले दोन भाऊ. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला एका वर्गाच्या ऑनलाइन अर्जाला ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. तपासणी अहवालाला एका महिन्यात उत्तर, जाहिरातीनंतर चार महिन्यांत विरोध, विरोधाची प्रत मिळाल्यावर दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे त्या विरोधाला अर्जदाराचे लेखी उत्तर. हे प्रतिनिवेदन राहिले की अर्ज सोडून दिला असे धरले जाते. चांगली चिन्हे याच पायरीवर जातात, कारण ईमेल कुणी उघडलेलाच नसतो. विद्यार्थ्याला एक खरा तपासणी अहवाल देऊन त्याचे उत्तर लिहायला लावा, बाकी सगळे त्यातून येईल.

कॉपीराइटसाठी उदाहरण शहरातलेच आहे. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ रोजी गेले. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क ३१ डिसेंबर २०५९ पर्यंत आहे. नाशिकमध्ये त्यांच्या कविता दर आठवड्याला कुठे ना कुठे छापल्या जातात, गायल्या जातात. कुठे परवानगी लागते आणि कुठे कलम ५२ ची सूट मिळते, हे विधीच्या विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे.

भाषेचाही एक मुद्दा आहे. मराठीतून उत्तरे लिहिणाऱ्यांना या विषयाचे धड साहित्य नाही. एका पुस्तकात एकस्व, दुसऱ्यात पेटंट. जीआयला कुठे निर्देशांक, कुठे मानांकन, कुठे उपदर्शन. एक पानी शब्दसूची मंडळाने ठरवून दिली तरी पुष्कळ झाले.

'विद्यार्थीच मिळत नाहीत' या कारणाचे उत्तर देणे भाग आहे. विषयाला शिक्षक नाही, प्रात्यक्षिक नाही, इंटर्नशिप नाही आणि तो गुण मिळवून देणाऱ्या सोप्या विषयासमोर ठेवला आहे, मग विद्यार्थी कसे मिळणार? बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत बौद्धिक संपदेचा स्वतंत्र गट आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस आठवड्यांची इंटर्नशिप त्याच नियमांत आहे. ती आमच्या कार्यालयांत होऊ शकते.

आमच्या मागण्या :

विषय बंद करण्याची नोटीस मागे घ्यावी. एका महाविद्यालयात वीस विद्यार्थी नसतील तर दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून शनिवारी एकत्र वर्ग चालवावा. विद्यापीठाने त्याला लेखी मान्यता द्यावी.

अभ्यास मंडळाने दरवर्षी जूनमध्ये या विषयातल्या कायदेबदलांची यादी महाविद्यालयांना पाठवावी आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना ती बंधनकारक करावी. रद्द झालेल्या अपील मंडळावरचे प्रश्न पुढच्या परीक्षेपासून थांबावेत.

अंतर्गत गुण घोकंपट्टीच्या चाचणीवर न देता दस्तऐवजांच्या फाइलवर द्यावेत. फाइलमध्ये निदान एवढे असावे : एक भरलेला ट्रेडमार्क अर्ज, एका तपासणी अहवालाचे उत्तर, एका पेटंटच्या पहिल्या दाव्याचे भाग पाडून केलेले वाचन, जिल्ह्यातल्या एका जीआयच्या नोंदीचे टिपण आणि एका वाण परवाना कराराचा मराठी सारांश.

जीआय आणि वाण संरक्षण यांना मिळून किमान चोवीस तासिका द्याव्यात. त्यातली एक येवल्यात मागावर, एक बागेत.

शिकवणाऱ्यांच्या नेमणुका सत्र सुरू होण्याआधी व्हाव्यात आणि मानधन वेळेवर मिळावे. केंद्र सरकारच्या स्प्रिहा योजनेत विद्यापीठांना बौद्धिक संपदेचे अध्यासन मिळू शकते. त्यासाठी अर्ज केला आहे की नाही, हे जाहीर करावे. एका तासाच्या जनजागृती वेबिनारचे प्रमाणपत्र हा या विषयाच्या शिकवणीला पर्याय मानू नये.

ज्या संस्थेची विधी आणि अभियांत्रिकी अशी दोन्ही महाविद्यालये आहेत, तिथे प्रकल्प प्रदर्शनाच्या किमान दोन महिने आधी संयुक्त सल्ला कक्ष उघडावा. विधीच्या विद्यार्थ्यांकडून गोपनीयतेचे हमीपत्र घ्यावे आणि प्रत्येक प्रकल्पाचा पूर्वशोध (तसे काही आधीच कुठे प्रसिद्ध झाले आहे का याची पाहणी) त्यांच्याकडून करून घ्यावा. महागडे डेटाबेस लागत नाहीत. पेटंट कार्यालयाची शोधप्रणाली, पेटंटस्कोप आणि एस्पेसनेट फुकट आहेत. ट्रेडमार्कचे जर्नल दर सोमवारी, पेटंटचे दर शुक्रवारी संकेतस्थळावर येते. ग्रंथालयात दहा संगणक आणि आठवड्याला एक तास एवढीच सोय हवी.

आमच्याकडून द्यायचे ते आम्ही देतो. पहिल्या सत्रात दर शनिवारी दुपारी दोन ते पाच आम्ही विनामानधन शिकवू. फाइलसाठी लागणारे नमुने, पक्षकारांची नावे काढून, तयार आहेत. अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे पत्र विषयपत्रिकेवर घ्यावे आणि निर्णय लेखी कळवावा. वर्गाची जागा ठरली की सांगा. पहिल्या तासिकेला आम्ही दोन पदर घेऊन येतो, एक हातमागाचा आणि एक यंत्रमागाचा.

आपले,
नाशिकमध्ये बौद्धिक संपदेचे काम करणारे वकील, एजंट आणि तासिका तत्त्वावरचे अध्यापक